तीन बोटांची खूण

नाही नाही, इतक्यात नाही साहेब — तुम्ही बसा त्या दगडावर, कोरडा आहे तो — सोडा म्हणता, पण सोडायचं म्हणजे काय, हात काढून घेतले की झालं? हे बघा, जरा सैल करतो — बघितलंत? कलंडली. पांढरं पोट वर. म्हणून अशी धरायची, एक हात शेपटीच्या मुळाशी, एक पोटाखाली, तोंड येणाऱ्या पाण्याकडे. पुढंमागं ढकलायची नाही, पुष्कळ जण ढकलतात, कल्ल्यांत पाणी उलटं शिरतं त्यानं. नुसती धरायची. दम खाऊ द्यायचा. मादी आहे ही, पोटात गाभोळी भरत आलीय — दोन महिन्यांनी वर खडकाळ भागात जाऊन अंडी घातली असती. घालेल. घालेल म्हणतो मी.

नाही हो, रागावलो नाही. तुम्ही मालकांचे मेहुणे, तुमच्यावर रागवून मी जाणार कुठं? पण मी सांगितलं होतं — पाण्यातून वर उचललीत की स्वतःचा श्वास धरा, तुमचा जीव घाबरा झाला की तिचाही झाला समजा आणि खाली घ्या. पहिल्या फोटोला तुम्ही धरलात श्वास. दुसऱ्याला हसलात. आणि तिसऱ्याला टोपी सारखी करत बसलात! असो. चूक माझीही आहे. सकाळी थर्मामीटर पाण्यात घातला तेव्हाच एकोणीस होतं. तीन आठवडे थेंब नाही पडलेला, नदी कोमट झालीय, आणि कोमट पाण्यात एकदा दमलेला सामन मासा सावरत नाही. आमचा बाप असता तर म्हणाला असता, आज गळाच्या काठ्या गुंडाळा, पत्ते खेळा. तोही गिलीच होता, साहेब लोकांना मासे दाखवण्यात जन्म गेला. मी म्हटलं का तसं? नाही म्हटलं. मालकांचा फोन आला होता ना — 'फिनले, पाहुण्याला मासा लागलाच पाहिजे.' आणि इथं घर नोकरीबरोबर मिळतं साहेब, नोकरीबरोबर जातं.

काय? घरी नेऊन खा? — अहो हळू बोला! या नदीवर एकही मारायचा नाही. मेला तरी पाण्यातच टाकायचा. हो, मेलेलासुद्धा. नाहीतर प्रत्येकाचा मासा आपोआपच मेला असता, नाही का?

'कोण बघतंय' म्हणे. ते बघा खाली, वळणावर, पलीकडच्या काठाला — धूर दिसतोय? जुन्या नावाड्याची खोपटी ती. तिथं मर्डो राहतो. माझा थोरला भाऊ. बघतो तो. दिवसभर खिडकीत असतो, बघतो, बोलत नाही. नऊ वर्षं झाली. आणि या डोहाची रीतच अशी — पाद्र्याचा डोह म्हणतात याला, एक पाद्री बुडाला होता म्हणून — इथं काहीही सुटलं, टोपी म्हणा, वल्हं म्हणा, पाद्री म्हणा, ते जाऊन लागतं त्या उथळ पाण्यात, मर्डोच्या दारासमोर. दुसरीकडं जातच नाही. मग सांगा, हात कसा काढू मी?

तोही इथंच कामाला होता. माझ्यापेक्षा हुशार. नऊ वर्षांपूर्वी एक मासा सापडला त्याच्या घरी, आईच्या तव्यावर. आई अंथरुणाला खिळलेली, बरेच दिवस नुसत्या पेजेवर होती, सामन खायचाय म्हणून धोशा लावलेला तिनं. नदीचा पहारेकरी दारात उभा, आणि आईच्या हातात काटा तसाच. मर्डो म्हणाला, मेलेला वाहून आला, मी उचलला. पहारेकऱ्यानं मला विचारलं — फिनले, वर तुझ्या डोहात आज मासा मेला का? मी म्हटलं, नाही. एवढंच. एक शब्द. हो म्हटलं असतं तर तो ताकिदीवर सुटला असता; नाही म्हटल्यावर मासा त्यानंच मारला असं ठरलं. मर्डोची नोकरी गेली, घर गेलं, आईला खुर्चीत बसवून त्या खोपटीत नेली त्यानं. तिथंच गेली ती, नाताळाच्या आधी.

मी खरंच बोललो होतो! म्हणजे — माझ्यासमोर नव्हता मेला तो. दोन हात पोहत गेला, मी स्वतः पाहिला. त्या दिवशीच्या पाहुण्याला म्हटलंसुद्धा, छान गेला. फोटोसाठी मीच धरला होता, कोरड्या हातानं, घाईत, आणि निसटून दगडांवर आपटला. पण गेला ना पोहत? मग मी कशाला — तुम्ही असं काय बघताय? हा हात? करवतीत गेली दोन बोटं, पोरवयात. राहिली तीन. कोरड्या हातानं धरलं की माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, खवले निघतात, बोटं उमटतात. त्या माशाच्या पाठीवर तीन होती. अंगठा आणि दोन. तव्यात घालण्याआधी मर्डोनं तो साफ केला असणार, हातात घेऊन उलटापालटा केला असणार. त्याला कळलं नसेल? आणि पहारेकऱ्यासमोर त्या बोटांबद्दल तो एक अक्षर बोलला नाही. माझ्याकडं नुसतं पाहिलं. शिवी दिली असती तर मी मोकळा झालो असतो हो. नऊ वर्षं मी या पाण्यात उभा आहे आणि तो तिकडं खिडकीत — कुठं जाऊ मी?

थांबा. बोलू नका.

कल्ले हलत नाहीत. मघाशी हलत होते, तुम्हीही पाहिलंत ना? ये बाई, ये, एक घे, एकच — नाही. गेली. केव्हा गेली? मी बडबडत बसलो आणि ही गेली.

दार उघडलं त्यानं. बघा, बाहेर आला. पाण्याकडंच येतोय — नऊ वर्षांत नदीत पाऊल घातलं नव्हतं त्यानं, आणि आता गुडघाभर पाण्यात उतरून उभा आहे. वाट बघतोय. त्याला माहीत आहे काय येणार ते.

मर्डो! — मर्डो, ही माझी आहे! माझ्या हातात मेली! आणि तोही — आईच्या तव्यावरचा — तोही माझाच होता! मी खोटं बोललो! ऐकू येतंय का तुला? तोही माझाच होता!

तुम्ही अजून इथंच, साहेब? जा. वर खोलीत जेवण मांडलंय, सूप गार होईल. मालकांनी विचारलं तर ऐकलंत ते सगळं सांगा, काही गाळू नका. काठी राहू द्या तिथंच. जा म्हणतो ना — मला आता हात काढायचेत.