सरासरीची गोष्ट

मुख्याध्यापिका : ...घरी ठेवा असं मी म्हटलंच नाही हो. विश्रांती द्या, एवढंच म्हटलं.

आई : कसली विश्रांती? पोरीला ना ताप, ना खोकला. सकाळी तुमच्या कारकुनाचा फोन, ‘आज वजनतपासणी आहे, मुलीला पाठवू नका.’ मग मीच घेऊन आले तिला. म्हटलं, पाचवीतल्या पोरीनं शाळेचं काय घोडं मारलंय ते तरी कळू दे.

मुख्याध्यापिका : हळू बोला. हॉलमध्ये आरोग्य विभागाच्या डॉक्टर आल्यात, मुलांची वजनं चाललीयत.

आई : चालू देत की. माझीही उभी करते रांगेत.

मुख्याध्यापिका : अहो, समजून घ्या जरा. ‘सुदृढ शाळा’ मोहिमेची ढाल आहे. गेल्या खेपेला मुलांचं सरासरी वजन जास्त भरलं आणि ढाल हातची गेली. तुमची मुलगी गुणी आहे, अक्षर मोत्यासारखं. फक्त सरासरीच्या दृष्टीनं थोडी...

आई : जाडी आहे. म्हणा की.

मुख्याध्यापिका : मी तो शब्द वापरत नाही. परिपत्रकात मनाई आहे.

आई : वा! शब्दालाही मनाई, पोरीलाही मनाई. आणि वर्गात सगळ्यांची वजनं मोठ्यानं वाचली, बारीक पोरांसाठी टाळ्या वाजवल्या, त्याला नाही मनाई?

मुख्याध्यापिका : ते प्रोत्साहन होतं.

आई : तेव्हापासून डबा भरलेला परत येतो. परवा जिन्यात चक्कर येऊन खाली बसली. मी बसवर कंडक्टर, दिवसभर दारात उभी. शेजारणीचा फोन आला तेव्हा कळलं मला. विचारलं तर म्हणते, ‘माझ्यामुळे शाळेची ढाल जाईल.’ दहा वर्षांचं लेकरू हो!

मुख्याध्यापिका : किती हा शाळेबद्दल जिव्हाळा! संस्कार दिसतात.

आई : संस्कार राहू देत. खेळायला सोडा पोरांना, वजन आपसूक जागेवर येईल. खेळाचा तास का बंद केलात?

मुख्याध्यापिका : बंद नाही, समूहगीताला दिलाय. ‘चला धावू या, चला खेळू या.’ डॉक्टरांच्या स्वागतासाठी महिनाभर बसवतोय.

आई : बसवताय म्हणजे बसूनच?

मुख्याध्यापिका : मांडी घालून. शिस्त दिसते.

आई : आणि मैदानाला कुलूप?

मुख्याध्यापिका : नवी हिरवळ लावलीय. मोहिमेच्या फोटोत पाठीमागे तीच येणार. पोरांचे पाय पडले तर काय राहील तिचं?

(डॉक्टर हातात कागद घेऊन आत येतात.)

डॉक्टर : बाई, शाळेत कसली साथ आलीय का?

मुख्याध्यापिका : छे, छे! का हो?

डॉक्टर : प्रत्येक वर्गात निम्मे बाक रिकामे. आणि जी आलीयत ती सगळी काडीपैलवान.

मुख्याध्यापिका : आहार आणि शिस्त, डॉक्टर! मग, ढाल आमचीच ना?

डॉक्टर : ढाल कसली! तुमची सरासरी इतकी खाली घसरली की शाळा कुपोषितांच्या रकान्यात गेली.

मुख्याध्यापिका : कुपोषित? आमची शाळा? अहो, आमची मुलं मोटारीतून उतरतात!

डॉक्टर : काट्याला मोटार दिसत नाही. सोमवारपासून प्रत्येक मुलाला रोज गोड दूध आणि बिस्किटांचा पुडा. वरून टेम्पो येईल.

मुख्याध्यापिका : पण कालच तुमच्या विभागानं मुलांना साखर सोडायची शपथ दिली!

डॉक्टर : शपथ आमच्या टेबलाची. बिस्किटं शेजारच्या टेबलाची. आमचं बोलणं होत नाही.

मुख्याध्यापिका : थांबा, थांबा. वजनं अजून पूर्ण कुठे झालीयत? ताई, तुमची लेक बाहेर बसलीय ना? बोलवा तिला! फोन करून इतरांनाही बोलावते. अशी मुलं म्हणजे शाळेचं भूषण.

आई : मघाशी भूषणाला विश्रांतीची गरज होती.

डॉक्टर : म्हणजे? मुलांना घरी ठेवायला सांगितलं होतं?

आई : जाड तेवढ्यांना. आणि वर्गात वजनं वाचल्यापासून माझी पोर जेवत नाही, डॉक्टर. परवा चक्कर आली तिला.

डॉक्टर : वजनं वाचायला कोणी सांगितलं होतं, बाई?

मुख्याध्यापिका : तुमच्याच परिपत्रकात आहे. ‘संपूर्ण पारदर्शकता राखावी.’

डॉक्टर : ते वजनकाट्यांच्या खरेदीबद्दल होतं.

मुख्याध्यापिका : असं का? तसं ठळक लिहायला हवं होतं. बरं, झालं गेलं. ताई, बोलवा ना तिला. एकटी ती आली तरी सरासरीला किती आधार होईल!

आई : ए बाळा! आत ये गं जरा. डॉक्टर बोलावतायत... का? ... बरं बरं, नको येऊस. बस तिथेच.

मुख्याध्यापिका : काय झालं?

आई : म्हणते, ‘मी आज गैरहजर आहे.’

मुख्याध्यापिका : अहो, हजेरीचं काय एवढं, ती मी आत्ता दुरुस्त करते! हवं तर शिपायाबरोबर काटाच बाहेर पाठवते. बसल्या जागी वजन.

डॉक्टर : काटा कुठेही जाणार नाही. आणि हे आजचे कागदही मी पुढे पाठवत नाही.

मुख्याध्यापिका : म्हणजे दूधही नाही अन् ढालही नाही?

डॉक्टर : येताना मैदानाला कुलूप दिसलं. किल्ली कुणाकडे असते?

मुख्याध्यापिका : माझ्याकडे. पण फोटोसाठी लावलेली हिरवळ—

डॉक्टर : उघडा. फोटो पायांसकट काढू. ताई, तुमची मुलगी कुठे बसलीय?

आई : जिन्याखाली, पाठ फिरवून. पण डॉक्टर, तिला खाण्याबिण्याचं आत्ता काही विचारू नका. रडेल.

डॉक्टर : नाही विचारत. शेजारी बसायला जागा आहे का, एवढंच विचारते.