गहिनीनाथ सरांनी मागून घेतलेल्या सात मुली

शाळेच्या मैदानावर जमलेल्या माझ्या माणसांनो, उद्या पहाटे ज्यांचे ट्रक निघणार आहेत त्या ऊसतोडीवाल्या आयाबापांनो, शिक्षक मित्रांनो, आणि पुढं सतरंजीवर बसलेल्या आमच्या खो-खोच्या पोरींनो,

आपलं सगळ्यांचं गाऱ्हाणं एकच आहे, आणि ते जुनं आहे. तोडीला जाणाऱ्यांच्या मुलांसाठी गावात हंगामी वसतिगृह मंजूर होतं. दरवर्षी होतं. पण मंजुरीचा कागद गावात येतो, तोवर मुलं उसाच्या फडात पोचून दोन महिने झालेले असतात. या गाऱ्हाण्यावर मी अर्ज लिहिले, मोर्चे काढले, तालुक्यातल्या बहुतेक व्यासपीठांवरून बोललो. आज पुन्हा तेच बोलायला उभा आहे आणि खरं सांगतो, थकलोय. माझ्या चढलेल्या आवाजाची तुम्हाला सवय आहे. आज तो चढणार नाही. हळू बोलेन, तेवढं ऐकून घ्या.

गहिनीनाथ सर जाऊन आज दहा दिवस झाले.

कसे गेले, हे अजून काहींना नीट माहीत नाही. जिल्ह्याचा अंतिम सामना जिंकून आपल्या मुली नगरहून एसटीनं परत येत होत्या. सर पुढच्या बाकावर, ढाल मांडीवर. मागं मुलींचा दंगा. सरांनी डोळे मिटलेले. ती त्यांची जुनी युक्ती होती. झोपेचं सोंग घ्यायचं, म्हणजे मुली आपोआप हळू बोलतात. गाव आलं, सर उठले नाहीत. मुली हसल्या. म्हणाल्या, सर, पुरे झालं सोंग. मग आपली कप्तान रेखा पुढं गेली आणि तिनं त्यांच्या मांडीवरची ढाल काढून घेतली. तिला वाटलं, आता उठतील. ढालीला कुणी हात लावलेला सरांना चालत नसे.

ते उठले नाहीत.

हे सगळं मला रेखानंच सांगितलं, आणि शेवटी विचारलं, हेडसर, आम्ही आधी बघायला पाहिजे होतं का? नाही बाळा. तुम्ही काही चुकला नाहीत. चुकलेली माणसं वेगळी आहेत. त्यातल्या एकाबद्दल मी आज बोलणार आहे.

त्याआधी, गहिनीनाथ सर हा माणूस कोण होता? सरकारी कागदावर क्रीडाशिक्षक. आपल्याला दिसायचा तो चुन्याच्या फक्कीनं पांढरे झालेले पाय घेऊन सकाळी सहाला मैदानावर रेघा मारणारा माणूस. मी मुख्याध्यापक होतो, तेव्हा त्यांना म्हणालो होतो, अहो, रेघा शिपाई मारेल. ते म्हणाले, शिपायाच्या रेघेवर पोरी हरल्या तर शिपायाला बोलावं लागंल. माझ्या रेघेवर हरल्या तर मला झोप लागत न्हाई, तेवढ्यावर भागतंय.

आणि खेळाच्या हंगामाच्या आड येणारा दुसरा हंगाम कुठला, हे तुम्हाला मी सांगायला नको. तालुक्याचे सामने पावसाळ्यात होतात, जिल्ह्याचे दसऱ्याच्या आसपास. तोवर आपली फळी पूर्ण असते. विभागाचे सामने दिवाळीनंतर, आणि तेव्हा निम्म्या मुली उसाच्या फडात. दरवर्षी आपण जिल्हा जिंकायचो, दरवर्षी विभागात हरायचो. बाहेरचे म्हणायचे, या शाळेला मोठ्या सामन्याचा दम नाही. दम होता. तो फडातल्या पाचटाच्या कोपीत बसून धाकट्या भावंडाला झोका देत होता.

आपल्या तोडीवाल्या भानुदासची थोरली मंगल आठवते का? आठवत असेलच. अशी पळणारी मुलगी मी पुन्हा पाहिली नाही. ती नववीत असताना आईबापांबरोबर संगमनेरकडं तोडीला गेली. विभागाच्या सामन्याच्या आदल्या दिवशी सर मोटारसायकलवर तिला आणायला गेले. तीन फड हिंडले तेव्हा टोळी सापडली. मंगल आली, खेळली. उसाच्या धारदार पाचटानं तिचे दोन्ही तळवे चिरलेले होते. खांबाला हात लावून वळायचं, तर खांबावर रक्त उतरत होतं. एका गुणानं हरलो. दुसऱ्या दिवशी त्याच मोटारसायकलवर सर तिला कोपीवर सोडून आले. मंगल शाळेत परत आली नाही. पुढच्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. आज ती इथं आलीय, पोराला मांडीवर घेऊन बसलीय.

आता माझं सांगतो.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी सर माझ्या घरी आले होते. म्हणाले, हेडसर, मंगलला चार महिने तुमच्याकडं ठिवा. माझी मुलं पुण्याला, वरच्या दोन खोल्या रिकाम्या. मी म्हणालो, लोक काय म्हणतील, परक्याची वयात आलेली मुलगी, जबाबदारी मोठी, बघू. त्याच आठवड्यात राहात्याला एका मेळाव्यात मुलींच्या शिक्षणावर मी तासभर बोललो. लोक उठून टाळ्या वाजवत होते. सर मागच्या रांगेत होते. नंतर चहा घेताना म्हणाले, भाषण लई झ्याक झालं. खोलीचं काय ठरलं?

मी चहा पीत राहिलो.

माणसांनो, मी पुष्कळ वाचलंय. अन्यायाबद्दल कुठं काय लिहिलंय, ते मला पानासकट सांगता येतं. त्या दिवशी त्यातलं एकही पान कामाला आलं नाही.

सरांनी मला पुन्हा विचारलं नाही. त्यांनी स्वतःच्या घराची पुढची खोली रिकामी केली. तेव्हापासून दर दसऱ्याला सर तोडीवाल्यांच्या घरोघर आपट्याची पानं घेऊन जायचे. पण सोनं हातात द्यायचे नाहीत. हात मागं धरून उभे राहायचे. म्हणायचे, आधी पोरगी द्या, मग सोनं घ्या. मामला गोड असायचा, पण माणूस दारातून हलायचा नाही. एका आजीनं चिडवलं होतं, मास्तर, सून मागाय आलाय का पोरगी? सर म्हणाले, आजी, पळणारी मागाय आलोय, सैपाकाला मी हाय.

आणि खरंच होते. सरांच्या पत्नी शालनकाकू भाकरी थापायच्या, सर भाजायचे, निम्म्या करपवायचे. मुली भिंतीवरच्या ढालींच्या खाली ओळीनं झोपायच्या. एकदा खिळा निसटला आणि ढाल सरांच्या कपाळावर पडली. टाके पडले. दुसऱ्या दिवशी मैदानावर मुलींना म्हणाले, जिंकलेली हुती म्हणून सोसलं, हरलेली असती तर लई लागलं असतं.

दर गुरुवारी संध्याकाळी फोन. प्रत्येक मुलीनं आईबापाशी बोलायचंच. बोलून झालं की फोन सर घ्यायचे आणि एवढंच सांगायचे, जेवली, पळली, ठीक हाय.

या दसऱ्याला त्यांनी सात मुली मागितल्या आणि सातही मिळाल्या. त्या सात जणींच्या जोरावरच आपण जिल्हा जिंकला. दिवाळीनंतर पंधरवड्यात विभागाचे सामने आहेत, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा आपली फळी पूर्ण आहे. म्हणजे दहा दिवसांपूर्वीपर्यंत होती.

काल मी भानुदासच्या घरी गेलो. रेखा त्याचीच धाकटी. घरात बोचकी बांधलेली होती आणि रेखाचंही बोचकं त्यात होतं. मी म्हणालो, भानुदास, तू सरांना शब्द दिला होतास. तो बोचक्याची गाठ आवळत राहिला. मग जे बोलला ते तुम्हाला जसंच्या तसं सांगतो. भानुदास, राग मानू नको.

तो म्हणाला, "हेडसर, शब्द सरांना दिल्ता. सर हुते तवर घोर नव्हता. आता पोर कुनाच्या जीवावर ठिवू? भाषनाच्या?"

तो खोटं काय बोलला?

तिथून शालनकाकूंकडं गेलो. त्यांचा मुलगा त्यांना घेऊन जायला आलाय. काकू म्हणाल्या, मी उन्हाळ्यापर्यंत हलत न्हाई. दोघींना ठिवते. सगळ्या आता माझ्यानं व्हनार न्हाईत. दहा दिवसांपूर्वी जिचा नवरा गेला, ती बाई दोघींना ठेवतेय. मी घरी येऊन वरच्या खोल्या उघडल्या. जाळी काढली. आमच्या हिनं विचारलं, आता सुचलं? म्हटलं, हो, आता. उशीर झाला, पण सुचलं. तिनं झाडू माझ्या हातातून घेतला आणि म्हणाली, एकीला आपण ठेवू, मी बघेन तिच्याकडं.

राहिल्या चार.

सर पहिल्या दिवशी नव्या मुलींना चौकोनात बसवून एकच नियम सांगायचे. पाठीवर खो पडल्याशिवाय उठायचं न्हाई, आणि पडल्यावर बसून ऱ्हायचं न्हाई. या मैदानावर शिकलेल्या प्रत्येकानं तो ऐकलाय. तुमच्यातले निम्मे याच चौकोनांत बसून गेलेत.

मी आज तुमच्याकडं वर्गणी मागत नाही. सरांचा पुतळा नको, त्यांच्या नावाची कमान नको, ठराव तर अजिबात नको. ठराव मीच लिहीन, आणि चांगला लिहीन, हीच भीती आहे. मला चार घरं हवीत. ट्रक पहाटे निघतील. त्याच्या आधी, इथं, आत्ता. एका घरानं एक मुलगी, उन्हाळ्यापर्यंत. तिला दोन वेळ जेवण, सकाळी सहाला मैदान, आणि गुरुवारी आईबापाला फोन. बाकी काही करायचं नाही.

आता सगळे उभे राहा. गहिनीनाथ सरांसाठी दोन मिनिटं शांत राहू. ही दोन मिनिटं संपली की मी ‘बसा’ म्हणणार नाही. ज्यांच्या घरात एका मुलीला जागा नाही, त्यांनी खुशाल बसावं. कुणी काही म्हणणार नाही. ज्यांच्या घरात आहे, त्यांनी उभंच राहायचं.

भानुदास, तू मागं कडेला उभा आहेस. जरा पुढं ये. कोण उभं राहतंय, ते तुझ्या डोळ्यांनी नीट बघून घे.