मारबतीच्या नावाखाली जाळलेली माझी सायकल

दिनांक २३ ऑगस्ट २०२५, शनिवार, पोळ्याचा दुसरा दिवस, पहाटे पाच वाजून चाळीस मिनिटे. गुन्ह्याची वेळ आधी लिहावी आणि माझे नाव नंतर, असे मी सांगितल्यावरून तसे लिहिले आहे.

जबाब देणार: पुष्पा रूपसिंग आडे, वय ६७ वर्षे, व्यवसाय सेवानिवृत्त टेलिफोन ऑपरेटर, शिक्षण कॉन्व्हेंट शाळेतून मॅट्रिक, रा. गुलमोहर ले-आउट, दिग्रस, जि. यवतमाळ.

मी आज दिनांक २६ ऑगस्ट रोजी पोलीस स्टेशनला समक्ष हजर राहून सांगते की, वरील पत्त्यावर मी एकटी राहते. माझी थोरली बहीण रामीबाई येथून चार किलोमीटरवर आमच्या बंजारा तांड्यात राहते. मागच्या हिवाळ्यात तिला लकवा मारला. ती तांडा सोडून येत नाही आणि माझ्याशिवाय कोणाच्या हातचा घास घेत नाही. म्हणून रोज दुपारी डबा घेऊन मी जाते. त्या रस्त्याला एसटी नाही. ऑटो भरल्याशिवाय हलत नाही आणि दुपारी तो भरत नाही.

या कामासाठी मी सायकल तयार केली. टेलिफोन एक्स्चेंजच्या लाइनमनची जेंट्स सायकल मी लिलावात घेतली होती, ती मागच्या अंगणात पडून होती. ती मी स्वतः पूर्ण खोलली. हबमधले छर्रे रॉकेलमध्ये धुतले, झिजलेले बदलले. दोन्ही चाकांना नवे आरे घातले. साडी नेसून बसता यावे म्हणून मधली दांडी वेल्डिंगवाल्याकडून कापून खाली तिरपी जोडून घेतली. चेनला बंद कव्हर लावले, पुढे डायनामोचा दिवा, मागे डबा हिंदकळणार नाही असे कॅरिअर. तांड्याच्या चढासाठी जास्त दात्यांचे फ्रीव्हील बसवले. सीट स्प्रिंगची, नवी.

रंग दिला नाही. गंज घासून त्यावर जवसाचे तेल चोळले. चकचकीत सायकल बँकेसमोरून चोरीला जाते, गंजकी जात नाही. हे मुद्दाम केले आहे, असे मी ले-आउटमध्ये सर्वांना सांगितले होते. घनश्याम दुधे यांनाही.

घनश्याम दुधे हे ले-आउट समितीचे अध्यक्ष असून माझ्या समोरच्या घरात राहतात. जून महिन्यात गेटजवळ चार लोकांसमोर ते मला म्हणाले, "बाई, हे भंगार कायले ठेवता दारात? प्लॉट पाहाले लोक येऊन राह्यले, काय म्हणतीन?" मी म्हटले, "तुम्ही त्याच्या बाजूले उभे राहा. भंगार कोणतं ते लोकायलेच विचारू." लोक हसले. त्या दिवसापासून दुधे माझ्याशी बोलत नव्हते.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीचा पुतळा काढून मोडके झाडू, फुटकी टोपली, घरातली इडापिडा वस्तीबाहेर नेऊन जाळण्याची आपल्याकडे रीत आहे. रीतीबद्दल माझी तक्रार नाही. आदल्या दिवशी मीही एक झाडू दिला होता. वर नमूद वेळी मी चहा ठेवला असताना बाहेर ओरडणे ऐकू आले. "खोकला-खरूज घेऊन जाय गे मारबत," असे सगळे ओरडत होते. त्यानंतर एकच आवाज आला, "पुष्पाबाईचं भंगार घेऊन जाय गे मारबत," आणि बाकीचे हसले. तो आवाज दुधे यांचा होता. नोकरीभर मी कानाला हेडफोन लावून लोकांचे आवाज ओळखले आहेत. यात माझी चूक होत नाही.

अंगणात सायकल नव्हती. मी नाल्याकडे गेले. बांबू आणि गोणपाटाची मारबत माझ्या सायकलवर बांधली होती आणि टायर पेटले होते. मी जवळ गेले. पुढे मी काय केले ते लिहिण्याची गरज नाही. उजव्या हाताला जी पट्टी आहे ती सरकारी दवाखान्यात बांधलेली आहे.

त्या दिवशी मी चालत तांड्यावर गेले. पोचेपर्यंत उन्हे कलली होती. शेजारची जमनी ताट घेऊन रामीबाईसमोर बसली होती. रामीबाईने तोंड उघडले नव्हते. मी डाव्या हाताने भरवले.

रविवारी संध्याकाळी दुधे माझ्याकडे आले आणि म्हणाले, "चुकून झालं बाई, आम्हाले वाटलं भंगारच हाय. आपसात मिटवून टाकू." मी त्यांना दारातूनच परत पाठवले. मग नाल्यावर जाऊन राख काठीने उकरून पाहिली. फ्रेम होती, रिम होत्या. सीटच्या स्प्रिंगा नव्हत्या, दिवा नव्हता, कॅरिअर नव्हते. लोखंड जळून नाहीसे होत नाही. नट तुटलेले नव्हते, सोडवलेले होते.

काल सोमवारी दुधे यांच्या पोर्चमध्ये त्यांचा पुतण्या कपिल याच्या सायकलवर माझी सीट दिसली. मी विचारले तेव्हा कपिल म्हणाला, "माह्यावर नका घेऊ मावशी. काकाच म्हणले, नवी सीट हाय, जळून कायले जाऊ द्या, आज रातीच काढून ठेव." ही रात्र पोळ्याची, म्हणजे मारबतीच्या आदली. भंगार समजून नेलेल्या वस्तूची सीट आदल्या रात्री पाना लावून कोणी सोडवत नाही. दुधे यांना ती सायकल काय आहे हे माहीत होते, तिचे कोणते भाग कामाचे आहेत हेही माहीत होते, आणि ती कोणासाठी चालते हेही.

जबाब लिहिताना हवालदार किसनराव यांच्याकडून "भंगार सायकल" असे लिहिले गेले. तो शब्द आरोपीचा आहे, म्हणून मी खोडायला लावला आणि बाजूला सही केली. नंतर "जुनी सायकल" लिहिले गेले, तेही खोडले. "सायकल" एवढे पुरे आहे.

मला दुधे यांची माफी नको. त्यांनी नवी सायकल आणून दिली तरी तीही नको. मला त्यांना कोर्टात उभे असलेले पाहायचे आहे. ती सीट त्यांच्या हातात द्यावी आणि "मला भंगार वाटले" हे वाक्य न्यायाधीशांसमोर पुन्हा म्हणायला लावावे. खटला संपेपर्यंत रोज दुपारचा डबा त्यांनीच पायी तांड्यावर न्यावा. लकवा झाल्यापासून रामीबाईला तांड्यावरच्या गोरबोलीतल्या शिव्या तेवढ्या स्पष्ट बोलता येतात आणि आमच्या त्या ऐकून झाल्या आहेत. असा आदेश देण्याचा पोलिसांना अधिकार नाही, असे हवालदारांनी सांगितले. तरी माझी मागणी म्हणून नोंद घ्यावी.

हा जबाब मला वाचून दाखवला जात होता, परंतु मी कागद हातात घेऊन चष्मा लावून स्वतः वाचला. शुद्धलेखनाच्या चुका सोडल्यास तो मी सांगितल्याप्रमाणे आणि खरा आहे. उजवा हात चालत नसल्याने सही डाव्या हाताने केली आहे.

सही करण्याआधी पुढील मजकूर वाढवून घेतला: सीट, दिवा आणि कॅरिअर जप्त केले किंवा नाही, आणि घनश्याम दुधे यांच्यावर कोणती कलमे लावली, याचे लेखी उत्तर मला गुरुवार, दिनांक ४ सप्टेंबर, सायंकाळी पाच वाजेपर्यंत मिळावे. दुपारी कोणाला पाठवू नये. मी घरी नसते. आता लवकर निघावे लागते आणि परतायला दिवेलागण होते.

सही
पुष्पा रूपसिंग आडे