झिपरूचा अंगठा

...आणि वर तो माणूस म्हणतो कसा, मी एकटाच आलो! आता तुम्हाला सांगतो, मुरबाडहून एसटीनं यायचं, सापगावच्या फाट्यावर उतरायचं, पाऊण मैल चालून झिपरूचं घर बरोबर हुडकायचं आणि दारात उभं राहून म्हणायचं, "मी अनिल, मलापण तुमच्यासारखं दिसत नाय," हे पटतं तुम्हाला? झिपरूला नाही पटलं. त्याचे डोळे सातव्या वर्षी देवीत गेले, तेव्हापासून पंचेचाळिशीपर्यंत ओटीवर बसून दोर वळणारा माणूस, बाहेर जायचं तर बायकोच्या, हिराबाईच्या, खांद्यावर हात, आणि हा कोण एकटा हिंडणारा?

"घर कसं गावलं रे तुला?"

"गिरणीच्या आवाजापर्यंत सरळ आलो, मग शेणाच्या वासाला डावीकडं वळलो. पुढचं तुमच्या कुत्र्यानं सांगितलं."

झिपरू हिराबाईच्या कानाशी लागला, "यात कायतरी पाणी मुरतंय. बघ गो, डोळं मिचकावतो का."

अनिलचं म्हणणं साधं होतं. तालुक्यातल्या आंधळ्यांनीच आपला संघ काढला होता, मुरबाडला शाळेच्या सुट्टीत दहा दिवस काठीनं चालायला शिकवणार, सही शिकवणार, हक्काचे कागद कसे मागायचे ते सांगणार. पैसे? काही नाही. जेवण? तेही तिथंच. झालं... फुकट म्हटल्यावर झिपरूला एकदम किडनी आठवली. किडनी काढून विकतात, हे त्यानं रेडिओवर ऐकलं होतं ना! "मी नाय जाणार," म्हणाला. हिराबाई चुलीपासून म्हणाली, "जावा की. एक काढली तर एक राहील. हितं बसून दोन्ही तरी काय कामाच्या?"

गेला बिचारा. पण दुपारी आडवा झाला तरी दोन्ही हात कमरेवर. हातात पांढरी काठी दिली तर म्हणे ही पोकळ कशाला, आत काय घातलंय? घडी कशाला होते? चहा आला की आधी वास. पाचव्या दिवशी मात्र तो शाळेच्या फाटकापासून एसटी स्टँडपर्यंत एकटा गेला, एकट्यानं भजी मागितली, एकट्यानं खाल्ली आणि तिथंच बाकावर बसून राहिला बराच वेळ. अनिल शोधत आला तर ह्यानं सरकून त्याला जागा दिली. मग म्हणाला, "अडतीस वर्षं मी कुणाला तरी विचारून लघवीला जातोय रे."

शेवटच्या दिवशी अनिलनं सगळ्यांना एकच बजावलं. कागद कुणीही आणो, सख्खा असला तरी, तिसऱ्याकडून वाचून घ्यायचा, मगच सही.

आता बघा. घरी येऊन आठ दिवस झाले नाहीत तोच पुतण्या आला, वाल्मिक. हा फार गुणी, काकाचे सगळे कागद हाच आणायचा, पंधरा वर्षं झिपरूनं त्याच्यापुढं अंगठा धरला होता, कधी विचारलं नव्हतं. "काका, नळाचा अर्ज हाय. अंगठा द्या." झिपरू म्हणाला, "ठेव. सकाळी देतो." का म्हणाला, त्यालाच कळलं नाही. सकाळी काठी घेऊन गावच्या शाळेत गेला, तिथं शिकवणाऱ्या जयश्रीबाईंना म्हणाला वाचा. बाईंनी वाचलं आणि थांबल्या. अपंगांच्या कोट्यातून टेलिफोन बूथ मिळावा, अर्जदार झिपरू, आणि खाली... चालवण्याचे सर्व हक्क पुतण्या वाल्मिक यास.

तुम्हाला सांगतो, काठी पोकळ म्हणून संशय, चहा गोड म्हणून संशय, सगळ्या जगात ज्याला पाणी मुरताना ऐकू यायचं, त्याच्या स्वतःच्या ओटीखाली पंधरा वर्षं मुरत होतं. त्या दिवशी तो जेवला नाही.

वाल्मिक आला. "काका, तुमाला झेपणार हाय का? तुमच्या भल्यासाठीच केलं."

"भल्यासाठी होतं, मग नळ कशाला म्हनलास?"

वाल्मिक उठून गेला.

झिपरूनं बाईंकडून नवा अर्ज लिहून घेतला, स्वतः सही केली, वाकडी का होईना, आणि एकटा कचेरीत गेला. तिथला कारकून म्हणतो, "सोबत कोण आहे?"

"कोण नाय."

"एकटे आलात? मग तुम्ही आंधळे कसे?" सर्टिफिकेट उलटंपालटं केलं, नाकापुढं बोटं नाचवली. "ही किती?"

"साहेब, तुमाला मोजता येत नाय का?"

झालं, अर्ज परत! म्हणे डोळस माणूस घेऊन या, यात काहीतरी पाणी मुरतंय. आता हे वाक्य कुणाचं? पण कारकुनालाही तेच सुचलं.

झिपरूनं अनिलला निरोप धाडला आणि सोमवारी परत गेला. सोबत अकरा जण होते, मुरबाडचे, आटगावचे, एक म्हातारी पार उंबरमाळीहून, सगळे आंधळे, सगळे आपापले आलेले. बाकं भरली. आरडाओरडा नाही, घोषणा नाहीत, नुसते बसले आणि अधूनमधून काठ्या फरशीवर टकटक, टकटक... साहेब आतून बाहेर आले, सवयीनं डोळस माणूस शोधायला लागले, "तुमच्यातर्फे बोलणार कोण?"

अनिल म्हणाला, "आमीच. अर्ज झिपरूभाऊंचा हाय, त्यांनाच विचारा."

आणि साहेबांनी, तुम्हाला सांगतो, झिपरूच्या जन्मात पहिल्यांदाच, खुर्ची पुढं करून त्याला विचारलं, "बोला, काय म्हणणं आहे?" झिपरूनं काठीची घडी करून मांडीवर ठेवली. मग एवढं बोलला, एवढं बोलला की साहेबांनी पोच देऊन टाकली.

सात महिन्यांनी बूथ आला, स्टँडजवळ. चालवणारा झिपरू. नंबर सगळे तोंडपाठ. संध्याकाळी ताठ मानेनं घरी आला, हिराबाईला म्हणाला, "आता मला कुणाच्या खांद्याची गरज नाय. तालुक्यात कुठं पण एकटा जातो."

"बरं झालं," हिराबाई म्हणाली आणि वीस किलो तांदळाची पिशवी त्याच्या हातात दिली. "गिरण बंद व्हायच्या आत दळून आना."

लग्नाला तेवीस वर्षं झाली, माणसानं एकदाही दळण आणलं नव्हतं. आता सांगा, याच्याविरुद्ध अर्ज कुठल्या कचेरीत करायचा?