पाहून झालेली आई

जागा नाही, जागा नाही, जागा नाही... तुम्हाला सांगते, महिनाभर या घरात दुसरं वाक्य नव्हतं! आणि जागा नाही कुठे? माझ्या चादरींच्या कप्प्यात. म्हणजे चादरी केव्हाच हाकलल्या तिथून, आता तिथे यांचा सर्व्हर बसतो, बुटांच्या खोक्याएवढा, दिवसभर घुरघुरत. घरातले सगळे सिनेमे, मालिका, गेम, व्हिडिओ त्याच्या पोटात, हवं ते टीव्हीवर लावा. तर ते पोट भरलं.

आमचे हे गोदामात भांडारप्रमुख. तिथला नियम काय, तर वर्षभर जो माल हलला नाही तो बाहेर. घरालाही तोच लावला. सगळ्यांना समोर बसवून टीव्हीवर यादी दाखवली. त्या मेल्या खोक्याला सगळं कळतं हो, कोणी काय कितीदा लावलं ते! यांचे जुने सामने, त्यातले निम्मे हरलेले, तरी दर महिन्याला बघतात, जणू या खेपेला जिंकतील... ते राहणार. सासूबाईंची नऊशे भागांची मालिका, नऊशे भागांत सून एकदाही बूड टेकत नाही, ती तर राहणारच. मुलाचे गेम राहणार. आणि सगळ्यांत शेवटी काय? ‘आई. तेवीस मिनिटं. पाहिलं शून्य वेळा.’

माझी आई हो. ती गेली त्याच्या आदल्या वर्षी भाच्याने फोनवर टिपलेली. तिचा आवाज म्हणून जगात एवढं एकच उरलंय. शून्य वेळा, कारण लावायचा धीरच झाला नाही कधी.

मुलगा म्हणतो, "अगं, मी ऐकलंय फोनवरून उतरवताना. आजी तुला नावंच ठेवतेय त्यात."

सासूबाई म्हणाल्या, "खरं बोलायची बाई."

म्हटलं, ठेवू दे नावं. नावं इथेही ठेवतात, पण तिच्या आवाजात नाही ठेवत कोणी. यांनी पंधरा दिवसांची मुदत दिली. म्हणाले, मालाला उठाव दाखव.

दाखवला! हे आणि मुलगा बाहेर पडले की टीव्हीवर आई लावायची, दिवसातून दोन-तीनदा. सासूबाईंची डुलकी मोडते म्हणून आवाज बंद, आणि मी आत भाजी चिरत, कारण टीव्हीसमोर बसले तर भाजी कोण चिरणार? पंधरा दिवसांत आकडा एक्केचाळीस! सबंध यादीत आई पहिली. जन्मात तिला कोणी पहिल्या रांगेत बसवलं नव्हतं...

पण माझी युक्ती मुलाने हेरली, त्यानेही आपला सगळा कचरा एकेकदा लावून घेतला, सासूबाईंचंही उरकून दिलं. झालं! यादीत शून्य कुणाचंच राहिलं नाही. पुन्हा आपलं जागा नाही, जागा नाही...

रविवारी ओल्या हातांनी बाहेर आले, तर हे खुशीत. म्हणाले, नियम बदलला. चाळीसच्या वर पाहिलेलं सगळं काढून टाकलं. आता चाळीसच्या वर यादीत होतं काय? एकच.

"अहो," म्हटलं, "ती माझी आई होती."

"एक्केचाळीसदा पाहिलीस की. पाहून झालेलं ठेवून काय करायचंय? पाठ असेल एव्हाना."

पाठ! एक अक्षर ऐकलं नव्हतं हो मी. भाच्याचा तो फोन कधीच भंगारात गेलाय, आणि यांच्याकडे दुसरी प्रत नाही. का नाही? अहो, जागा नाही ना! आणि सुटली किती जागा? मुलाच्या नव्या गेममधला एक घोडासुद्धा मावेना.

मग मी काय केलं सांगू? गेले मुलाच्या खोलीत. म्हटलं, तू ऐकलंयस ना, मग आजी काय म्हणत होती तेवढं तरी सांग. त्याने खेळ थांबवलासुद्धा नाही. पण नक्कल हुबेहूब करतो हो मेला, तोच बसका आवाज, तोच मध्येच लागणारा खोकला...

"हिला ना, लहानपणापासून, आपली म्हणून एक वस्तू धड सांभाळता आली नाही."

आयुष्यात पहिल्यांदाच मी आईला उलटून बोलले नाही.