ओवाळलेला तुकडा

पोलादपूरला जनावरांच्या दवाखान्यात रेश्मा शेळी धरून रांगेत बसली होती. तिच्या मागं टोपलीत मांजर घेतलेली गोदूबाई आणि वासरू घेऊन आलेला महादू बोलत होते.

"काकी, ही मांजर आपल्याकडची नाय दिसत. पाय बघ केवढे लांब!"

"दुबईची हाय रे. काल लेक आला, त्यानं आणली. अरबी माऊ म्हणतात."

"कान पण काय ताठ!"

"वाळवंटातली जात ती. आपल्याला पाय ठेववणार नाय असल्या तापल्या पत्र्यावर खुशाल झोपते."

"लोक सोनं आणतात, ह्यानं मांजर!"

"तिकडं तो तापानं फणफणला, तवा खोलीत कोण नव्हतं. ही उशाशी बसून होती, खायाला पण हलली नाय."

"शाबास गो बाय! मग अशा वाघिणीला झालं काय?"

"काल दारात लेकावरनं भाकरतुकडा ओवाळून लांब फेकला, तर हिनं झेप घेतली नि तोच खाल्ला. सकाळपासून गप पडून हाय."

"भाकरच ना? पचंल."

"भाकर पचंल रे. लेकाची इडापीडा खाल्ली तिनं, ती कशी पचंल?"

आतून रेश्माला हाक आली. तिनं शेळीची दोरी मागं ओढली.

"आजी, आधी तुम्ही जा."