शनिवारचा गठ्ठा

—नाही, ते कुलूप नंतर लावा. रकान्यात आकड्याशिवाय काही उमटणारच नाही अशी सोय करायला आलात, ते कळलं हो मला. आधी कोकम प्या, उन्हातून आलात. देवरुखाहून गाडी हाणत आलात? कशाला पण—तुमच्या लोकांचं सगळं हवेतून होतं ना? बरं, मनस्विनीनं पाठवलं म्हणून आलात. कॉलेजात एकत्र होतात, ठीक आहे. पण माझ्या मुलीच्या त्या प्रोग्रामचं कौतुक मला सांगू नका, शौनकराव. माझी हयात आंब्यात गेली.

आमच्या बागा सहा ठिकाणी. पूर्वी संध्याकाळी प्रत्येक बागेतला माणूस इथे पडवीत यायचा, किती पेट्या भरल्या ते सांगायचा, चहा व्हायचा, दोन शिव्या व्हायच्या, मी लिहून घ्यायचो. आता? आता जो तो आपापल्या फोनात आकडा टाकतो आणि घरी जातो, आणि दिवेलागणीला हिचा प्रोग्राम सगळ्यांचे आकडे गोळा करून एका गठ्ठ्यात, व्यापारी बघतात त्या शीटमध्ये नेऊन ओततो. ओळीओळीनं नाही—एकदम. एकदमच का? तर म्हणे एकेक ओळ पाठवली की पलीकडचं यंत्र कुरकुरतं, जरा थांबा म्हणतं. म्हणजे यंत्राची प्रकृती आमच्यापेक्षा नाजूक. आणि अक्कल बघा—गठ्ठ्यात एक आकडा चुकीचा निघाला की आख्खा गठ्ठा परत. एकही ओळ भरायची नाही. अहो, पेटीत एक आंबा डागी निघाला तर आम्ही तो आंबा काढतो, पेटी समुद्रात नाही फेकत. काय म्हणालात? अर्धवट भरण्यापेक्षा न भरलेलं बरं? असेल, तुमच्यात असेल. शिकल्यासवरलेल्यांना आडमुठेपणालासुद्धा छान नाव सापडतं.

मग होतं काय? शीट कोरी. मुंबईचे व्यापारी विचारायला लागतात, आणि तिकडे पुण्यात मनस्विनीला सूचना जाते की गठ्ठा परत आला. मग ती फोन करते—ह्या, माझ्या फोनवर. एरवी नाही हो. एरवी तिच्या आईला, उल्काला. उल्का मागीलदारी जाऊन तासतासभर बोलते तिच्याशी, आणि आत आली की मला सांगते, तुमची चौकशी केली हो. चौकशी! मी काय आजारी आहे? आणि हे सगळं कशावरून, तर मी तिच्या नोकरीला बोटं नाचवायचं काम म्हटलं. मग काय म्हणू? बोटंच नाचवता तुम्ही. आजही म्हणेन. तिचा राग आहे, तिनं सांभाळावा.

पण गठ्ठा अडला की नीट बोलते. बाबा, पेट्यांच्या रकान्यात अक्षरं कोणी लिहिली? मी म्हणतो, बघतो. मग मी एकेका बागेचा आकडा वाचायचा, तिनं तिकडून ताडून बघायचा. मी सावकाश वाचतो—उगाच घाई कशाला, पुन्हा चूक नको. मधेच विचारते, विहिरीजवळच्या पायरीच्या झाडाला यंदा आंबा आहे का, तुम्ही जेवलात का, गुडघा कसा आहे. मग सगळं जुळतं, गठ्ठा जातो, आणि ठेवते फोन.

हे काय दाखवताय? चष्मा नाही माझ्याजवळ, तुम्हीच वाचा. "बारा पेट्या आणि वर थोडे फुटकळ"—हां, गंगारामनं लिहिलं असेल. आमचा मुकादम, त्याला कुठला पोच. फुटकळ म्हणे. काय? माझ्या फोनवरून? मग माझा फोन उचलला असेल त्यानं. उचलतो तो. दर वेळी? हो, दर वेळी, त्याला सवयच आहे, कोणाचंही उचलायचं आणि—शनिवारीच कसं? अहो, शनिवारीच असणार, शनिवारी तिला सुट्टी असते, इतर दिवशी ती घाईत असते, दोन मिनिटांत आकडा घेईल आणि—

पंखा वाढवू का जरा?

इतकं टक लावून बघायला काय झालं? शिकलात खूप, पण समोरच्याकडे किती बघावं ते नाही शिकवलं कोणी. ऐका. कुलूप लावा. गंगारामच्या फोनला लावा, सगळ्या बागांना लावा, चोख काम झालं पाहिजे. हा एक फोन सोडा. का, ते विचारायचं नाही. आणि मनस्विनीनं विचारलं तर सांगा, तुझे वडील काही शिकण्यातले नाहीत, त्यांच्यापुढे हात टेकले. तिला पटेल लगेच. दाराशी पेटी ठेवलीय, ती न्या तुमच्या आईला. आणि निघा आता—शनिवार आहे, दिवेलागण होत आली, मला माझा आकडा भरायचाय.